डिजिटल चलनासाठी लेखनचिन्ह कसे निवडावे

नवे डिजिटल चलन काढणारी मंडळी चिन्हाचा विचार करू लागली की बहुधा बोधचिन्हापासून सुरुवात करतात : एक गोल नाणे, त्यावर भडक रंग आणि मधोमध झोकात कललेले एखादे अक्षर. ॲपच्या पडद्यावर ते शोभूनही दिसते. परंतु वापरणाऱ्याला पावतीवर, ईमेलमध्ये, तक्त्याच्या रकान्यात किंवा वहीत पेनाने रक्कम लिहायची असते, तेव्हा त्या नाण्याचा काहीही उपयोग होत नाही. तेथे लागते ते लेखनचिन्ह : आकड्याला लागून बसणारे, एका रंगात लिहिता येणारे आणि कोणाच्याही फॉन्टमध्ये त्याच ओळीत सामावणारे एक अक्षर. बिटकॉइनकडे पाहिले की हा फरक चटकन ध्यानात येतो. २०१० पासून रुळलेल्या त्याच्या नारिंगी बोधचिन्हातील अक्षर उजवीकडे कललेले आहे. मजकुरात लिहिले जाणारे ₿ मात्र सरळ उभे असते आणि त्याला स्वतःचा असा रंग नाही. पुढील सर्व सूचना या दुसऱ्या, लेखनातील चिन्हाविषयी आहेत.

चिन्हाची गरज आहे का?

तुमच्या चलनाचे एकक एखाद्या प्रचलित चलनाशी एकास एक जोडलेले असेल, तर स्वतंत्र चिन्हाची गरज बहुधा नसते. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपयाचा प्रायोगिक वापर १ नोव्हेंबर २०२२ रोजी घाऊक व्यवहारांसाठी आणि १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ व्यवहारांसाठी सुरू केला. किरकोळ वापराची पहिली चार शहरे मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर ही होती. त्यासाठी बँकेने नवे चिन्ह काढण्याच्या भानगडीत न पडता ₹ याच चिन्हाआधी लहान रोमन 'ई' जोडला. कारण उघड आहे. डिजिटल रुपया हा रुपयाच आहे, तो नोटा आणि नाणी ज्या मूल्यांत मिळतात त्याच मूल्यांत मिळतो, आणि शंभर डिजिटल रुपयांत येणारी वस्तू शंभर रुपयांच्या नोटेत येणाऱ्या वस्तूपेक्षा कमी किंवा जास्त असण्याचा प्रश्न नाही. चीनचा डिजिटल युआनही ¥ हेच चिन्ह वापरतो. संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२५ मध्ये दिरहमचे नवे चिन्ह जाहीर केले, तेव्हा डिजिटल दिरहमसाठी त्याच चिन्हाभोवती एक वर्तुळ काढले. चिन्ह एककाचे असते. ते एकक कागदावर आहे की फोनमध्ये, याने चिन्ह बदलत नाही.

याच्या उलट चूकही होते. एखादी संस्था आपल्या सभासदांना गुण देते आणि त्या गुणांपुढे ₹ छापते. पण ते गुण रुपयांत परत मिळत नसतील, तर ती वाचकाची शुद्ध दिशाभूल आहे. अशा गुणांना 'गुण' किंवा 'पॉइंट' असे अक्षरांत लिहिलेले सर्वांत बरे. स्वतंत्र चिन्हाचा विचार करावा तो तुमच्या एककाची किंमत इतर कोणत्याही चलनावर अवलंबून न राहता चढत-उतरत असेल तेव्हाच. आणि तेव्हाही एक गोष्ट मनाशी स्पष्ट ठेवावी : चिन्हामुळे कायद्याचा दर्जा मिळत नाही. भारतात १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर आकारला जातो, पण तिला कायदेशीर चलनाची मान्यता नाही, आणि ₿ जगभरच्या संगणकांत जाऊन बसले म्हणून त्यात तसूभरही फरक पडलेला नाही.

आधी तीन अक्षरी संकेत

चिन्ह ठरवण्याआधी संकेत ठरवावा, कारण जेथे चिन्ह उमटणार नाही तेथे संकेतच वेळ निभावून नेतो. राष्ट्रीय चलनांचे संकेत आयएसओ ४२१७ या प्रमाणकाने ठरतात. त्यातील पहिली दोन अक्षरे देशाची आणि तिसरे चलनाच्या नावाचे असते : 'आयएनआर', 'यूएसडी'. ज्याला देश नाही त्याचा संकेत 'एक्स'ने सुरू होतो. सोन्याचा 'एक्सएयू', चांदीचा 'एक्सएजी'. या नियमाने पाहिले तर बिटकॉइनचा लोकप्रिय 'बीटीसी' हा संकेत भूतानच्या आवारात शिरतो, कारण 'बीटी' ही अक्षरे भूतानची आहेत आणि तेथील चलनाचा संकेत 'बीटीएन' आहे. म्हणूनच काही ठिकाणी 'एक्सबीटी' असे लिहिण्याचा प्रघात पडला. अर्थात दोन्हींपैकी एकालाही त्या प्रमाणकात जागा नाही. तुम्हीही 'एक्स'ने सुरू होणारा संकेत घ्यावा आणि घेण्यापूर्वी तो प्रमाणकाच्या चालू यादीत नाही याची खात्री करावी. 'एक्सटीएस' हा चाचणीसाठी आणि 'एक्सएक्सएक्स' हा 'चलन नाही' असे दर्शवण्यासाठी राखीव आहे, हे विसरू नये.

संकेत तीनच अक्षरांचा असावा, हा आग्रह केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. ब्राउझरमध्ये रक्कम मांडून देणारी जावास्क्रिप्ट या संगणकभाषेची अंगभूत सोय तीन रोमन अक्षरांचाच संकेत स्वीकारते. डोजकॉइनचा 'डीओजीई' असा चार अक्षरी संकेत दिला की ती चूक दाखवून थांबते. तीन अक्षरे असली तर मात्र ते चलन तिच्या ओळखीचे नसले तरी चालते. ती आकड्यासोबत तो संकेत जसाच्या तसा छापते. चौथ्या अक्षराचा हव्यास धरल्यास ही आयती सोय हातची जाते आणि रक्कम मांडण्याचे सगळे काम स्वतःच लिहावे लागते.

आधीच असलेले अक्षर उचलावे का?

नव्या चलनाला पहिल्या दिवशीच सर्वत्र टाइप होणारे चिन्ह हवे असते आणि संगणकात सर्वत्र टाइप होतात ती फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक जागा देणाऱ्या प्रमाणकात, आधीच असलेली अक्षरे. त्यामुळे जवळपास प्रत्येक क्रिप्टो चलनाने कोठून तरी एखादे अक्षर उसने घेतले आहे. इथर मोठ्या लिपीतील ग्रीक 'झाय' वापरते, लाइटकॉइन पोलिश भाषेतील रेघ मारलेला 'एल', डोजकॉइन आइसलँडच्या भाषेतील 'एथ'. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, मात्र उचललेल्या अक्षराचे मूळ गुणधर्म त्याच्याबरोबर येतात आणि ते आधी तपासून घ्यावे लागतात.

डोजकॉइनचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचे चिन्ह म्हणजे डावीकडे आडवी रेघ मारलेला मोठा रोमन 'डी'. युनिकोडमध्ये हुबेहूब असा दिसणारा आकार तीन वेगवेगळ्या जागी आहे : एक आइसलँडच्या भाषेतील 'एथ', दुसरे क्रोएशियन आणि व्हिएतनामी लेखनातील अक्षर, तिसरे काही आफ्रिकी भाषांतील. डोळ्यांना तिन्ही सारखीच. संगणकाच्या लेखी मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाने कीबोर्डवरून एक टाइप केले, दुसऱ्याने संकेतस्थळावरून दुसरे उचलून चिकटवले, की शोध घेताना निम्मे व्यवहार सापडत नाहीत आणि ते का सापडत नाहीत हे पडद्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळत नाही. त्यात भर म्हणजे या तिघांची लहान रूपे एकमेकांपेक्षा वेगळी आहेत. शोध सोपा व्हावा म्हणून अनेक प्रणाली सगळा मजकूर लहान अक्षरांत फिरवून ठेवतात. तसे झाले की चिन्हाचे रूपच पालटते. ग्रीक 'झाय'चेही हेच होते. ₹ किंवा ₿ यांना मोठे-लहान असा भेद नसल्याने त्यांच्यावर ही वेळ येत नाही.

दुसरा गुणधर्म शब्दाच्या सीमेचा. अक्षर आणि त्याला लागून आलेला आकडा यांना संगणक एकच शब्द समजतो. चलनचिन्ह आणि आकडा यांना दोन वेगळे घटक समजतो. त्यामुळे ₹५०० या मजकुरात ५०० शोधले तर सापडते, पण चिन्ह म्हणून अक्षर वापरले असेल तर कित्येक शोधयंत्रांना तो आकडा त्या अक्षरापासून सोडवता येत नाही. देवनागरी अक्षर उचलण्याचा मोह आपल्याकडे होणे साहजिक आहे, पण तेथे आणखी एक अडचण येते. समजा, चलनाचे नाव 'कवडी' ठेवले आणि चिन्ह म्हणून 'क' घेतला, तर 'क १०५' हे वाचणाऱ्याला पैसे न वाटता गट क्रमांक, अनुक्रमांक किंवा 'अ, ब, क' मधला 'क' वाटेल.

अक्षराऐवजी दुसऱ्याचे चलनचिन्हच घेणे हा आणखी एक पर्याय, आणि येथे मृत चलन व जिवंत चलन यांत भेद करावा. कार्डानो या क्रिप्टो प्रकल्पाने घेतलेले ₳ हे अर्जेंटिनाच्या ऑस्ट्रल या चलनाचे चिन्ह आहे. ते चलन १९८५ मध्ये आले आणि १९९१ नंतर त्याची जागा पेसोने घेतली. आज कोणी ऑस्ट्रलमध्ये भाव सांगत नाही, त्यामुळे गोंधळ संभवत नाही. टेदर या क्रिप्टो चलनासाठी वापरले जाणारे ₮ मात्र मंगोलियाच्या तुगरिकचे आहे, आणि उलानबाटारच्या बाजारात ते चिन्ह रोज लिहिले जाते. पहिली निवड चतुराईची, दुसरी उपरेपणाची, असे माझे मत आहे.

बिटकॉइनला किती काळ लागला

स्वतःचे नवे चिन्हच हवे असा आग्रह असेल, तर बिटकॉइनचा प्रवास पाहून मगच उडी घ्यावी. २००९ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याच्या सॉफ्टवेअरमधील सोनेरी नाण्यावर 'बीसी' ही दोन अक्षरे होती. २०१० च्या फेब्रुवारीत सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या निर्मात्याने त्याजागी दोन उभ्या रेघांचा 'बी' आणला आणि तोच लोकांच्या मनात बसला. पण तो टाइप कसा करायचा? त्या वेळी फॉन्टमध्ये त्याच्या सर्वांत जवळ जाणारे चिन्ह होते ฿, म्हणजे थायलंडच्या बाहतचे. पुष्कळांनी तेच वापरले. थायलंडमधील वाचकाला ฿१०० ही जेवणाच्या ताटाची किंमत वाटेल आणि लिहिणाऱ्याच्या मनात मात्र भलतीच रक्कम असेल, ही अडचण कोणाच्याही लक्षात येण्यासारखी होती. दुसऱ्या गटाने आडवी रेघ मारलेला 'बी' सुचवला, जो काही भाषांच्या लेखनासाठी युनिकोडमध्ये आधीच होता; तोही काही काळ चालला, पण लोकांना सवय झालेल्या उभ्या रेघा त्यात नव्हत्या.

युनिकोडकडे पहिला प्रस्ताव २०११ मध्ये गेला आणि तो स्वीकारला गेला नाही. २०१५ मध्ये केन शिरिफ या अभियंत्याने नव्याने प्रस्ताव मांडला, तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मान्य झाला आणि जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत ₿ दाखल झाले. दुसऱ्या प्रस्तावाचे बळ होते ते पुराव्यात. चिन्ह छापील मजकुरात, ओळीच्या आत, आकड्यांशेजारी प्रत्यक्ष वापरले जात आहे आणि ते बोधचिन्हापेक्षा वेगळे आहे, हे त्यात दाखवले होते.

आता रुपयाशी तुलना करून पाहावी. पवईच्या आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचे ₹ केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. रुपयाला तीन महिने, बिटकॉइनला साडेआठ वर्षे. सार्वभौम सरकार पाठीशी असले की वापर होणारच हे गृहीत धरले जाते. ते नसेल तर वापर आधी दाखवून द्यावा लागतो. तुमचे चलन दुसऱ्या गटात मोडते, हे मान्य करूनच वेळेचा हिशेब मांडावा.

आकार काढताना

पैशाचे चिन्ह वाचकाला ओळखू येते ते बहुधा एका खुणेमुळे : ओळखीच्या अक्षराला छेदणाऱ्या एक किंवा दोन रेघा. ¥ आणि € यांत त्या आडव्या आहेत, $ आणि ₿ मध्ये उभ्या, तुर्कस्तानच्या ₺ मध्ये तिरक्या. या रूढीपासून फार दूर जाऊ नये. ₹ चे यश मुख्यतः त्यातच आहे. उभा दांडा काढलेला रोमन 'आर' आणि देवनागरी 'र' हे दोन्ही त्यात दिसतात, वरची रेघ शिरोरेघेचे काम करते आणि दोन रेघा मिळून ते पैशाचे चिन्ह आहे हे सांगतात. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून ते निवडले गेले, यात नवल नाही.

रेघा कशा काढायच्या, याबाबत ₿ चा आकार अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या दोन उभ्या रेघा अक्षराच्या पोटातून आरपार जात नाहीत. त्या फक्त वर आणि खाली थोड्या बाहेर डोकावतात. 'बी'च्या पोटात दोन बंद पोकळ्या आहेत आणि लहान आकारात त्या आधीच अरुंद असतात. १२ पिक्सेलच्या मजकुरात मोठ्या रोमन अक्षराची उंची जेमतेम आठ-नऊ पिक्सेल भरते. तेवढ्यात आतून दोन रेघा नेल्या तर पोकळ्या बुजतात आणि चिन्हाचा काळा ठिपका होतो. बाहेरच्या रेघांनाही दोन रेघा आणि मधली फट मिळून किमान तीन पिक्सेल लागतातच. त्यामुळे अक्षर बंद पोकळ्यांचे असेल तर रेघा बाहेर ठेवाव्यात, 'सी' किंवा 'एल'सारखे उघडे असेल तर आत न्यायला हरकत नाही. रुंदीही अंकाएवढी ठेवावी, म्हणजे तक्त्याच्या रकान्यात आकडे एकाखाली एक नीट बसतात.

मराठी वाचकांसाठी चिन्ह काढताना देवनागरी अंकांशेजारी ते कसे दिसते हे वेगळे तपासावे. गोल चिन्ह शून्यासारखे वाचले जाते. उभी रेघ दंड या विरामचिन्हासारखी दिसते. आपल्या जुन्या हिशेबांत तर रेघांना स्वतःचा अर्थ होता : मोडी दप्तरांत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. ही अपूर्णांकचिन्हे, आणि त्यांच्यासोबत रुपयाची एक जुनी खूणही, २००९ च्या ५.२ या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहेत. नुसत्या रेघांचे चिन्ह काढणाऱ्याने ती एकदा नजरेखालून घालावीत.

कसून चाचणी

आकार कागदावर आला की तो पाच-सात जणांना एकदाच दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने काढायला सांगावा. बहुतेकांनी जे काढले तेच तुमचे खरे चिन्ह. त्यांनी गाळलेली वळणे तुम्हीही गाळावीत. मग बॉलपेनने घाईत लिहिलेले, बिलाच्या यंत्रातून पुसट छापलेले आणि छायाप्रतीची पुन्हा छायाप्रत काढलेले असे तीन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. शेजारच्या आकड्याशी गोंधळ होतो का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. 'बी'वर बेतलेले चिन्ह पुसट छपाईत इंग्रजी आठासारखे दिसते आणि मग रकमेचा पहिला अंकच वाढतो.

एसएमएसची चाचणी बहुतेक जण विसरतात. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो तो एका मर्यादित अक्षरसंचामुळे. त्या संचात $, £, ¥ आहेत, ₹ आणि ₿ नाहीत. संदेशात ₹ हे एक चिन्ह जरी आले तरी पूर्ण संदेश वेगळ्या पद्धतीने पाठवावा लागतो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते; मोठ्या संख्येने संदेश पाठवणाऱ्यांच्या खर्चात त्याने थेट वाढ होते. गमतीची गोष्ट अशी की त्या जुन्या संचात काही मोठी ग्रीक अक्षरे आहेत आणि त्यांत 'झाय'ही आहे. म्हणजे इथरचे उसने चिन्ह १६० अक्षरांत मावते, आपल्या रुपयाचे मावत नाही. मराठीतील संदेशाला मात्र हा प्रश्न नाही, कारण देवनागरी मजकुराची मर्यादा मुळातच ७० आहे.

जुन्या सॉफ्टवेअरमधून मजकूर इकडून तिकडे नेऊनही पाहावा. ₹ आणि ₿ ही चिन्हे साठवताना प्रत्येकी तीन बाइट लागतात. वाचणाऱ्या प्रणालीने जुनी पद्धत गृहीत धरली तर एका चिन्हाच्या जागी तीन निरर्थक अक्षरे उमटतात. इमोजीला तर चार बाइट लागतात आणि काही जुन्या विदागारांत (डेटाबेसमध्ये) ते शिरतच नाहीत, म्हणून इमोजीला चलनचिन्ह करण्याची कल्पना कितीही आकर्षक वाटली तरी सोडून द्यावी.

लिहिण्याचे नियम ठरवून द्यावेत

चिन्ह आकड्याआधी की नंतर, मध्ये जागा सोडायची की नाही, ऋण रकमेत उणे कोठे, हे एका पानावर लिहून प्रसिद्ध करावे. मराठी वाचकांसाठी चिन्ह आधी आणि मध्ये जागा नाही, म्हणजे ₹५०० प्रमाणे, ही मांडणी सरावाची आहे. रुपयाच्या आकड्यापुढे '/-' लिहिण्याची आपली सवय आणे-पैशांच्या काळातली आहे. नव्या चलनात ती आणू नये, कारण दशांश स्थळे आठ असतील तर तिला काहीच अर्थ उरत नाही.

दशांश स्थळांचा प्रश्न नियमांतला सर्वांत अवघड. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि त्या भागाला सातोशी म्हणतात. ₿०.००००२५०० असे लिहिले तर शून्ये मोजण्यातच वाचक थकतो आणि एखादे शून्य सुटले की रक्कम दहापट होते. २,५०० सातोशी असे लिहिले तर कोणाचीही चूक होत नाही. सातोशीसाठी सर्वमान्य चिन्ह आजही नाही, आणि त्याने कोणाचे अडलेलेही नाही. लहान एककाला दुसरे चिन्ह देण्याऐवजी सुटसुटीत नाव द्यावे आणि कोणत्या रकमेखाली तेच वापरायचे हे नियमात सांगावे. रुपयाच्या चिन्हाबरोबर पैशाचे चिन्ह काढले गेले नाही, तरी 'पन्नास पैसे' लिहिताना कधी अडचण आली नाही.

तात्पुरती सोय आणि युनिकोडचा अर्ज

चिन्ह युनिकोडमध्ये येईपर्यंत काय करायचे, याची एक वाईट आणि एक बरी रीत आहे. वाईट रीत म्हणजे फॉन्टमधील एखाद्या नेहमीच्या अक्षराच्या जागी आपले चिन्ह बसवणे. २०१० मध्ये रुपयाचे चिन्ह जाहीर होताच अशा प्रकारचा एक फॉन्ट झपाट्याने पसरला. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातील उलट्या अवतरणाची कळ दाबली की ₹ उमटत असे. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्या पडद्यावर मात्र रकमेआधी नुसते उलटे अवतरण दिसे. बरी रीत म्हणजे युनिकोडने खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या जागांपैकी एक घेणे. ती फक्त स्वतःच्या ॲपमध्ये आणि स्वतःच्या फॉन्टसह वापरावी. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुरात, म्हणजे ईमेल, पावती, निर्यात केलेली फाइल यांत, चिन्हाऐवजी तीन अक्षरी संकेत घालावा.

अर्ज करण्याची घाई करू नये. युनिकोड बोधचिन्हांना जागा देत नाही, त्यामुळे चिन्हाची व्यापारमुद्रा म्हणून नोंदणी करण्याआधी दोनदा विचार करावा. जे चिन्ह फक्त तुम्हीच वापरू शकता ते सर्वांच्या फॉन्टमध्ये येण्याची शक्यता नाही. शिवाय एकदा दिलेली जागा पुन्हा काढून घेतली जात नाही. युरोपच्या आधीच्या सामाईक एककासाठी ठेवलेले ₠ आज कोणी वापरत नाही, तरी ते आपल्या जागी तसेच आहे आणि युरोच्या € ला वेगळी जागा द्यावी लागली. अशा कायमच्या निर्णयासाठी समितीला पुरावा हवा असतो तो इतरांच्या वापराचा : वर्तमानपत्रातील ओळ, पुस्तकाचे पान, दुकानाची हाताने लिहिलेली पाटी. हे नमुने पहिल्या दिवसापासून तारखेनिशी जमवावेत. तुमच्याच प्रसिद्धिपत्रकांची चळत त्यात फार उपयोगी पडत नाही.

मंजुरी मिळाली तरी फोन आणि संगणकांतील फॉन्टमध्ये चिन्ह पोहोचायला आणखी काही वर्षे जातात आणि तोवर जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. म्हणून त्या काळात नवे चिन्ह आणि संकेत दोन्ही छापत राहावे, आणि खासगी जागेवरचे जुने चिन्ह जेथे जेथे साठवले गेले असेल तेथे ते शोधून नव्या अधिकृत चिन्हाने एकदाच, सगळीकडे, बदलून घ्यावे.